अखंड भाराचा घोळ

आमच्या कामगार संघटनेत त्याला सगळे शिडी म्हणतात. उंच आहे म्हणून, आणि निम्मं आयुष्य शिडीवर गेलं म्हणूनही. वीज कंपनीतला वायरमन. खांबावरून पडला, खांदा निखळला, आणि डॉक्टरने वर चढायला कायमची बंदी घातली. कंपनीने बजावलं, तंत्रज्ञाची परीक्षा पास हो आणि कंट्रोल रूममध्ये बस, नाहीतर घरी बस. संधी एकदाच. निदान पेपर तरी आपल्या भाषेत द्या, म्हणून मी व्यवस्थापकाच्या टेबलावर मूठ आपटून आलो. दिला झक मारत. त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही.

अभ्यासाचं गाडं मात्र एका धड्यात रुतलं. 'अखंड भार वितरणामुळे निर्माण होणारे विद्युत क्षेत्र.' भार पसरलेली गोल कडी घ्या, तिचे बारीक तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा परिणाम काढा, बेरीज करा. इथवर शिडी खूश. पुढे छापलेलं, की कडीच्या मध्याच्या बरोबर वर असलेल्या बिंदूपाशी समोरासमोरच्या तुकड्यांचा आडवा परिणाम एकमेकांना रद्द करतो. झालं, गडी भडकला. संघटनेच्या खोलीत येऊन पुस्तक माझ्यासमोर आदळलं.

"नेते, समोरासमोरच्या दोन घरांचा भार कधी एकमेकांना खातो का? दोघांनी पाण्याच्या मोठ्या मोटारी लावल्या तर फ्यूज उडतो. रद्द कुठला होतोय?"

मला शंभर टक्के पटलं. मी तिथल्या तिथे पुस्तक छापणाऱ्यांविरुद्ध निवेदन लिहायला घेतलं आणि त्याची सही घ्यायला त्याच्या घरी गेलो. त्याची सून शाळेत विज्ञान शिकवते. ती कपड्यांना इस्त्री करत होती. निवेदन वाचलं, इस्त्री उभी केली आणि पोट धरून हसली. मला राग आला, पण दुसऱ्याच्या घरात आवाज किती चढवणार?

"बाबा, तुमच्या डोक्यातला भार म्हणजे लोड," ती सासऱ्याला म्हणाली. "पुस्तकातला भार म्हणजे चार्ज. तो कडीवर बसून असतो आणि शेजारच्या चार्जला ढकलतो नाहीतर ओढतो. अखंड वितरण म्हणजे चोवीस तास वीज नव्हे हो. भार सगळ्या कडीवर सलग पसरलाय, एवढंच."

शिडीने विचारलं, ओढ म्हटली की तिला दिशा आली ना? आली, ती म्हणाली, बेरीज दिशा धरूनच करायची. त्यावर शिडीने उंच खांबाचं सांगितलं. त्याच्या टोकापासून चहूबाजूंना ताणाच्या तारा जमिनीत गाडतात. एकीची आडवी ओढ समोरची खाते, उरते ती सरळ खाली. सून म्हणाली, कडीचं गणित तंतोतंत हेच. मी निवेदनाची घडी करून खिशात घातली.

परीक्षेत नेमकी अर्धी कडी आली, मध्यबिंदूशी क्षेत्र काढा. डाव्या-उजव्या ओढी शिडीने रद्द केल्या, उरलेल्यांची बेरीज केली, तर उत्तरात आला दोन. अर्धवर्तुळाच्या गणितात तो वर्तुळाचा पाय (π) नाही, म्हणजे काहीतरी चुकलं. खोडरबर हातात घेतला. मग सुचलं की सगळे तुकडे एकाच दिशेने ओढत असते तर पाय आला असता, तीनहून थोडा जास्त. पण बहुतेक ओढी तिरप्या, त्यांचा थोडाथोडा भाग वाया जाणार. म्हणजे उत्तर पायपेक्षा कमीच हवं. दोन कमीच आहे. खोडरबर ठेवून दिला.

निकाल लागला तेव्हा मी त्याच्यासोबत फलकापाशी होतो. नंबर सापडल्यावर तो तिथल्याच कट्ट्यावर बसला आणि दुखरा खांदा चोळत राहिला. मग त्याच्या घरी आलो. त्याच्या बायकोला, वहिनींना, पगार, पद, खुर्ची, कशात रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता वर चढायचं नाही ना?"

"नाही," तो म्हणाला.

वहिनींनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या, पाय लांब केले, आणि सुनेला म्हणाल्या की आज चहा तू कर, मला उठवत नाही.