बोटांना पाठ होतं

शिकवणी घेणाऱ्या उस्ताद खलफ यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर फिरावं तसं. इराकातल्या साऱ्या नासिरिया शहरात ते एकाच बाईला लागायचं, सुंदुसला. हाज मुझहिरच्या छापखान्यात ती त्यांचा जीवशास्त्राचा मलझमा, म्हणजे शिकवणीच्या टिपणांची पुस्तिका, टाईप करायची. उस्तादांचा जुन्या फाईलवर काडीचा विश्वास नाही. दरवर्षी सगळं नव्याने लिहून आणायचे, आणि दरवर्षी ही बाई दोनशे चौदा पानं पहिल्यापासून बडवायची. अशी अकरा वर्षं झाली.

सतराव्या वर्षी लग्न झालं आणि सुंदुसची बारावी राहिली ती राहिलीच. सदतिसाव्या वर्षी तिने बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला. तिची मुलगी बनीन त्याच वर्षी बसणार होती. पास झाली तर संध्याकाळच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा कोर्स करता येणार होता, आणि मग हाजच्या त्या मोडक्या खुर्चीला कायमचा रामराम. हे स्वप्न तिने कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त बनीनला.

"उम्म बनीन, तुला कसला अभ्यास?" हाज तिला बनीनची आई अशी हाक मारत म्हणायचा. "पुस्तक तर तूच छापलंस. परीक्षा खिशात आहे तुझ्या!"

सुंदुसलाही तसंच वाटलं, हेच तर दुःख. बाकीचे विषय तिने घोकले, जीवशास्त्राला हातही लावला नाही. बनीन मात्र कूलरसमोर मांडी घालून एकेक धडा तीन-तीनदा वहीत उतरवायची. बोटाला घट्टा पडला होता पोरीच्या.

"अगं, छापलेलं समोर असताना परत काय लिहितेस? कारकून व्हायचंय का?" सुंदुस हसायची.

"लिहिलं की राहतं, आई."

"माझं न लिहिता राहतं. बस घासत!"

पेपरच्या दिवशी सकाळीच अंगाची लाही होत होती. बाहेरून बसलेल्या बायकांच्या वर्गात सुंदुस खिडकीशी बसली. पहिलाच प्रश्न, हृदयातून रक्त कसं फिरतं ते क्रमाने लिहा. तिला हसू आलं. पान एक्क्याण्णव! हृदयाचं चित्र सारखं डावीकडे सरकायचं, तासभर झगडून तिने ते जागेवर बसवलं होतं. चौकटीची रेघ जाड केली होती. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. सगळं पान डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं, आणि त्यावर एक शब्द नव्हता.

तिने पेन ठेवलं आणि दहाही बोटं बाकावर टेकवली. डोळे मिटून टाईप करायला लागली. बोटं धावली की! दोन-तीन शब्द उमटलेही, पण ते कुठले, हे बोटांनी तिला सांगितलं नाही.

"बाई, काय वाजवताय?" पर्यवेक्षिका खेकसली. "शेजारणीला खुणा करताय का?"

"नाही हो. आठवतेय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सुंदुसचे कान तापले. मग तिने आपल्या मनाने काहीबाही लिहिलं. तिथे तर शब्दन् शब्द पुस्तकातला लागतो, मनाचं कोण विचारतो! तीन तास ती बसून राहिली, कारण लवकर उठलो तर सगळ्या वळून बघतील अशी भीती वाटली.

निकाल लागला. पन्नासला पास, आणि सुंदुसला जीवशास्त्रात एकतीस. बाकी सगळे विषय सुटले होते. बनीनला त्याच विषयात शहाण्णव. शेजारणी मिठाई मागायला आल्या आणि आईचं तोंड बघून चहासुद्धा न घेता गेल्या.

"राहिलेल्या विषयाची दुसरी फेरी आहे ना, आई. पस्तीस दिवस आहेत," बनीन हळूच म्हणाली. मग चाचरत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ईदच्या आधी मी तुला विचारलं होतं, हृदयाच्या झडपा सांग. तू म्हणालीस, पान एक्क्याण्णव, चित्राखाली. बस, तेवढंच. मी दोनदा विचारलं."

"आणि गप्प बसलीस? कार्टे, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तू हसायचीस ना माझ्यावर. आणि इतकी खूश होतीस, आई. माझ्याच्याने नाही बोलवलं."

सुंदुसने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. रागवायचं कुणावर? त्या दुपारी ती वही घेऊन बसली. अकरा वर्षांत सही आणि हे पेपर सोडले तर पेन धरलं नव्हतं. मनगट दुखायला लागलं, ओळी चढत-उतरत गेल्या. एका पानाला पाऊण तास गेला. वही मिटून म्हणून पाहिलं तर निम्मं आलं. निम्मं! तिला रडूच फुटलं, कारण एवढं सोपं होतं तर अकरा वर्षं तिने काय केलं?

पण दोनशे चौदा पानं, आणि दिवसभर छापखाना. हिशोब कुठे बसत नव्हता.

"उद्यापासून दुकानात मी जाते," बनीन म्हणाली. "हाजशी बोलले मी. तू घरी लिही."

"खबरदार! त्या खुर्चीत तू बसायचं नाहीस. मीही एका उन्हाळ्यापुरतीच बसले होते."

सकाळी सुंदुस उठली तेव्हा बनीनची बाहेर जाताना घालायची अबाया खुंटीवर नव्हती. टेबलावर पोरीने पेन, कोरी वही आणि झाकलेला चहा ठेवला होता. सुंदुस दारापर्यंत धावली, गल्ली रिकामी होती. मग ती परत आली, बसली आणि लिहायला लागली, जमेल तेवढं भराभर.