चनबसप्पांचं एक पान

चनबसप्पा आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत आणि घरी स्वतः जुळवलेल्या रेडिओवर बोलत. हैदराबाद, पुणे, बेळगाव असे दहा-बारा हौशी लोक रोज सकाळी सातला एकमेकांना गाठायचे. सरकारी परवाना होता, पण आपसांतला एकही नियम कागदावर नव्हता. जुने लोक वेळ ग्रिनिचची सांगत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. नवे आपल्या घड्याळाची सांगत.

चनबसप्पा प्रत्येकाला विचारत, "कोणती वेळ?" एवढंच. त्यावरून त्यांचं नाव 'नियमशास्त्री' पडलं. त्र्याहत्तर साली त्यांनी, वेळ सांगताना ती कोणती ते आधी सांगायचं, असे नियम एका पानावर लिहिले, अकरा प्रती हातानं काढून पोस्टात टाकल्या. उत्तर एकट्या पुण्याच्या वेणीमाधवरावांचं आलं: अक्षर फार सुरेख आहे! मला आजही तो गृहस्थ भेटला तर मी दोन शब्द सुनावीन.

टिंगलीला माणूस कुठवर पुरा पडणार? शहात्तर साली चनबसप्पांनी विचारणं सोडलं.

त्याच वर्षी वादळानं तारेचे खांब आडवे केले. फोन, तार सगळं बंद. गल्लीतल्या नीलम्माचा नवरा निंगप्पा हैदराबादच्या दवाखान्यात होता, दीर सोबत होता. दुपारी तिथल्या एका नव्या रेडिओवाल्यानं दिराचा निरोप दिला: उद्या साडेनऊला ऑपरेशन, वहिनीला त्याआधी पाठवा, दादा सारखी आठवण काढतोय.

'कोणती वेळ' हे शब्द चनबसप्पांच्या ओठांवर आले होते. पलीकडं आणखी दोघं ऐकत होते, हसतील म्हणून ते गप्प बसले. जुन्या सवयीनं त्यांनी साडेपाच तास मिळवले आणि नीलम्माला दुपारचे तीन सांगितले.

"तीनला हाय व्हय? मग पोरास्नी अक्कलकोटला आईकडं सोडते आन् पहाटंच्या गाडीनं जाते की, मामा," ती म्हणाली. संध्याकाळची हैदराबादची गाडी तिनं सोडली.

ती दोन वाजता पोचली. निंगप्पा ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता.

निंगप्पाचे दिवस झाल्यावर ती चनबसप्पांच्या दारात आली. मीही तिथंच होतो. "मामा, दीर म्हणतो, त्यानं साडेनऊच सांगितलं हुतं. तुमी तीन कसं म्हणालात?"

पुढच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना घडलेलं सांगितलं, आपली चूक कबूल केली आणि ते पान वाचून दाखवलं. मग वेणीमाधवराव म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण आता कागद कशाला? आता सगळ्यांच्या लक्षात राहीलच."

चनबसप्पांनी बटण बंद केलं.