आप्पांची तीन नंबरची घोडी

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर त्यांचं बोलणंही गेलं. हात हळूहळू हलायला लागला, पण तोंडातून शब्द फुटेना. चाकणजवळच्या गावातलं घर बंद करून मी त्यांना आणि आईला ताथवड्याला माझ्या फ्लॅटवर आणलं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. आंब्याचं, छत्रीचं चित्र पुढं धरून विचारायच्या, "आजोबा, हे काय?" आप्पा खिडकीकडं तोंड फिरवायचे.

"त्यांना सगळं कळतं," बाई एकदा मला दाराशी म्हणाल्या. "पण प्रयत्नच करत नाहीत. आतून काही वाटायला हवं."

मी तळवड्याच्या ऑफिसात बसून त्यांचा आवाज आठवत राहायचे. तो विसरेन की काय, ही भीती मी आईलाही सांगितली नव्हती.

आप्पांना शौक एकच, घोड्यांच्या रेसचा. पावसाळ्यात पुण्याला रेस सुरू झाल्या की रविवारी ते आणि चिंचवडचे गॅरेजवाले चाचा स्कूटरवरून निघायचे. लावायचे अगदी थोडं. खरी मजा घोडा ओळखण्यात. आप्पांच्या कंपनीतले लोक सकाळपासून टीप विचारायला यायचे. टीप लागली तर आप्पांचं कौतुक आठवडाभर ऐकावं लागे, आणि चुकली तर दोष जॉकीचा.

आजारपणात चाचा दर रविवारी यायचे, पण रेसचा विषय काढायचे नाहीत. दुखऱ्या जागेवर बोट नको, असं त्यांना वाटत असावं. त्या रविवारी मात्र ते भिजलेल्या रेनकोटाच्या आतून रेसचं पुस्तक काढत आत आले.

"वहिनी, रागावू नका," ते आईला म्हणाले. "मला एकट्याला काय सुधरंना झालंय."

आई चहा टाकायला आत गेली. चाचा पलंगाशी खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि पहिल्या रेसपासून वाचायला लागले. कुठला घोडा, वजन किती, मागच्या वेळी कितवा आला. प्रत्येक रेसनंतर थांबून विचारायचे, "मग राव, कोण?" आप्पा नुसते छताकडं बघत होते. तिसरी रेस झाली, चौथी झाली. चाचांचा आवाज बारीक होत गेला. मला वाटलं, आता पुस्तक मिटून निघतील.

पाचव्या रेसला ते जरा रेंगाळले. "इथं मी सहा नंबरला लावतो. पाऊस जोरात हाय, पण घोडा दमदार हाय."

"न्हाई!"

आम्ही दोघं दचकलो. आप्पांची मान वळली होती. चेहरा लाल झाला होता, ओठ नुसते थरथरत होते.

"न्हाई," ते पुन्हा म्हणाले. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला, "चि... चिखल. येडा... हायस का?"

आई दारात येऊन उभी राहिली. हातातली सांडशी तशीच. चाचा खुर्चीच्या कडेवर आले होते.

"मग कोण? सांग की, भावा!"

आप्पांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. डाव्या हाताची बोटं चादरीवर आपटत ते म्हणाले, "तीन. घोडी."

आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण गॅस बंद करायला कुणीच हललं नाही. शेवटी मीच धावले. परत आले तेव्हा आई आप्पांचं कपाळ पदरानं पुसत होती आणि ते तिला चिडून म्हणत होते, "बास. बास."

पाचवी रेस आम्ही चाचांच्या मोबाइलवर बघितली. मी जन्मात रेस बघितली नव्हती, तरी पुटपुटत होते, "तीन, तीन." वळणापर्यंत घोडी पुढं होती. मग दमली आणि मागं मागं पडत गेली. जिंकला तो सहा नंबरचा घोडा.

चाचा आप्पांकडं बघायलाच धजत नव्हते. आप्पांनी मोबाइलकडं तुच्छतेनं हात झटकला.

"जॉकी," ते म्हणाले. "गाढव."

आई एवढ्या मोठ्यानं हसली की तिला ठसका लागला.

पाऊस थांबल्यावर मी चाचांना खाली सोडायला गेले. स्कूटरची किल्ली त्यांना लावता येईना. ते पार्किंगच्या कठड्यावर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मीही शेजारी बसले. कितीतरी आठवड्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"मला वाटलं होतं, दोस्त गेला माझा," ते डोळे पुसत म्हणाले. "शिव्या देतोय म्हणजे हाय अजून."

वरून आईची हाक आली. आप्पा जेवायला मागत होते, पण नेमकं काय मागतायत ते तिला कळत नव्हतं. मी जिना चढायला लागले.