बसेल हळूहळू

दादानं, माझ्या थोरल्या भावानं, त्याच्या गॅरेजात माझ्या जुन्या गाडीचं इंजिन नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घालून बांधलं. मग लांब पाना लावून फिरवून पाहिलं. अंगातला सगळा जोर लावला, तेव्हा कुठे ते जरासं हललं.

"नवीन आहे, बसेल हळूहळू," मी म्हणालो. मला गाडीची घाई होती.

"बसेल ना. भर रस्त्यात बसेल. मग आण टोचन लावून."

शब्द एकच. नवी चप्पल पायाला बसते, कामाची घडी बसते. पण आवाज बसतो, धंदा बसतो, इंजिन बसतं, म्हणजे बंदच पडतं. नव्या नोकरीत, नव्या घरात काही खुपलं की आपण "बसेल" म्हणतो आणि उघडून बघायचं टाळतो.

दादा टाळणाऱ्यांतला नव्हे. त्यानं इंजिन उलटं केलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं. क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, धरून ठेवणारी एकेक कॅप तो सैल करी, पाना फिरवून बघी, पुन्हा आवळी. पहिलीला फरक नाही, दुसरीला नाही. तिसरी सैल केली आणि पाना एका हातानं फिरला.

कॅपवरचा बाण पुढच्या बाजूला हवा, तो मागे तोंड करून होता.

"उलटी लावली मी," दादा म्हणाला. कॅप फिरवून त्यानं नीट आवळली. पाना पुन्हा लावला. इंजिन अजून घट्टच होतं, पण अडत कुठेच नव्हतं.

"आता बसेल," तो म्हणाला.