बाहीच्या दोन खाचा

आमच्या इमारतीत त्यांना सगळे कोटवाल्या काकू म्हणतात. एकतीस वर्षं त्या वकिलांचे काळे कोट शिवतायत आणि कबूल केलेला दिवस एकदाही चुकलेला नाही. हे त्या स्वतः सांगत नाहीत. पण दुसरं कुणी सांगू लागलं तर अडवतही नाहीत.

सहा महिने त्यांचं हृदय मध्येच उधळायचं. शेवटी सोमवारी डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक तारा आत नेल्या आणि जिथून ती उधळण सुरू व्हायची तेवढी जागा भाजून टाकली. मंगळवारी घरी सोडताना बजावलं, "आठवडाभर वजन उचलायचं नाही आणि पायमशीन तर मुळीच नाही, जखम उघडेल. अधूनमधून ठोका चुकल्यासारखं वाटेल, घाबरू नका."

"ठोका चुकला तर चालेल हो," काकू म्हणाल्या, "गुरुवार चुकायला नको."

गुरुवारी सकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती. हॉस्पिटलची तारीख अचानक आठ दिवस अलीकडे आली आणि तिचा कोट बाह्यांविना हँगरला राहिला. बुधवारी ती भेटायला आली. "काकू, तुम्ही पडून राहा. मी रेडीमेड आणते."

"रेडीमेड?" काकूंनी असं विचारलं की मुलगी दोन पावलं मागे सरली. "उद्या आठ वाजता ये. कोट तयार असेल."

ती गेल्यावर काका म्हणाले, "कोण लावणार बाह्या?"

"बघते मी."

"तू काही बघत नाहीस. मी लावतो."

काका निवृत्त मीटर रीडर. निवृत्तीनंतर मशीनवर उशांचे अभ्रे शिवू लागले होते, पडद्यांना दुमड घालू लागले होते. पण कोटाला हात लावायची परवानगी त्यांना कधीच मिळाली नव्हती. काकूंनी त्यांच्याकडे आणि मग मांडीवरच्या पट्टीकडे पाहिलं. "लावा. पण सावकाश."

मशीन बाहेरच्या खोलीत, काकू आतल्या पलंगावर. दार उघडं. मशीनच्या आवाजाबरोबर पांघरुणाखाली काकूंचं पाऊलही हलत होतं.

"पाय किती दाबताय! सायकल नाही ती."

"तू पडून राहा."

दीड तासाने काका कोट घेऊन आत आले, चेहऱ्यावर नवरदेवाचा थाट. काकूंनी कोट पाहिला. दोन्ही बाह्या मागे वळल्या होत्या, जणू कुणीतरी पाठीमागे हात बांधून उभं आहे.

"अहो, डावी उजवीकडे लावलीत!"

"शक्यच नाही. बाहीच्या कडेला कापलेल्या खाचा बघून लावल्यात. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, एक खाच पुढे, दोन मागे."

"जगाच्या असतील. माझ्या दोन पुढे असतात. लोकांना दिसतं ते पुढचं, तिथे चुकून चालत नाही."

"मग बाही बसते त्या मुंढ्याला तरी खूण करायची!"

"मुंढा मला डोळ्यांनी कळतो."

"एकतीस वर्षांत एकदा सांगायचं होतंस."

"एकतीस वर्षांत एकदा विचारायचं होतंत."

आणि काकूंनी पाय पलंगावरून खाली सोडले. काका दार अडवून उभे राहिले. "मशीनवर बसलीस तर हा कोट खिडकीतून खाली जाईल. शपथेवर सांगतो."

तेवढ्यात काकूंच्या छातीत एक ठोका गाळला गेला, पुढचा धाडकन आला. काकू बसल्या जागी थांबल्या. काकांनी कोट टाकून मनगट धरलं. दोघंही मोजत राहिले. पंधरा, सोळा, सतरा. मग सगळं ओळीत आलं.

काकू पुन्हा आडव्या झाल्या. काकांना वाटलं, संपलं, आता रेडीमेडच. पण उशीला टेकत त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. उसवायला मांडी लागत नाही."

त्यांनी दोन्ही बाह्या पडल्या पडल्या उसवल्या, टाचण्या लावल्या आणि हाताने कच्चा धावदोरा घातला. इतक्या वर्षांत धावदोऱ्याशिवाय बाही लावणाऱ्या बाई. आज एकेक टाका नवशिक्यासारखा, अगदी लागून लागून. मध्ये दोनदा विश्रांती घेतली, तीही काकांनी सुई काढून घेतली म्हणून. मग कोट बाहेर गेला.

"धाग्यावरूनच चला. घाई केलीत तर मला ऐकू येतं."

घाई झाली नाही. मशीन इतकं हळू चाललं की शेजारच्यांना ते बिघडलंय असं वाटलं.

गुरुवारी आठ वाजता मुलगी आली. कोट चढवला, बटण लावलं.

"हात वर कर," काकू पलंगावरून म्हणाल्या. "पूर्ण. आता पुढे, फाईल दिल्यासारखा."

खांदा उचलला गेला नाही, पाठ ताणली गेली नाही. बाही अंगचीच असल्यासारखी खाली आली. काकूंनी तिला दोनदा वळायला लावलं. काका दाराशी हाताची घडी घालून उभे.

"काकू, अशा तब्येतीत कशी लावलीत हो बाही?"

"मी नाही. ह्यांनी लावली."

काकांच्या हाताची घडी सुटली. "चल, जिन्यापर्यंत येतो," ते मुलीला म्हणाले. काकू उशीला टेकून ऐकत राहिल्या. जिन्यातून आवाज येत होता, खणखणीत, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा: "त्याचं काय आहे, आमच्याकडे दोन खाचा पुढे असतात. लोकांना दिसतं ते पुढचं. तिथे चुकून चालत नाही!"

काकूंनी त्यांना अडवलं नाही.