मामा आणि रांगती मंडळी

माणूस नीट चालू-बोलू लागला की त्याच्यात राम राहत नाही, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या सासूबाईंचा धाकटा भाऊ निघाला. मामा पालीला राहतात, धरणाच्या अंगाला, पंधरा-वीस शेळ्या घेऊन. लग्न केलं नाही, पण आमच्या चौसाळ्यापासून केजपर्यंत नात्यागोत्यात कुठंही पाळणा हलला, की जीपच्या मागच्या फळीवर बसून मामा हजर. मोठ्यांची ख्यालीखुशाली विचारण्यात ते वेळ घालवत नाहीत. साठी उलटलेला हा मिशाळ माणूस टोपी काढतो आणि भर बैठकीत फरशीवर पालथा पडतो, बाळाच्या नाकासमोर नाक आणून. पोरं मिशी उपटतात. मामा म्हणतात, "वढ! पकड आली म्हंजी मान्सात आला."

शेळीच्या गळ्यातली एक घंटी त्यांच्या खिशात कायम असते. बाळाला ती दाखवायची, वाजवायची आणि टोपीखाली सरकवायची. पाच महिन्यांचं पोर तिथंच विषय सोडून देतं. आठ-नऊ महिन्यांचं मात्र टोपी उचलतं, आणि मामा मांडीवर अशी थाप मारतात की पाळण्यातलं दुसरं पोर दचकून उठावं. "दिसंना म्हंजी गेली न्हाई, ह्ये कळलं त्येला! लई शिकलेल्या मान्सांस्नी कळत न्हाई." माझ्या पुतण्याला एकदा चमचा खाली टाकायचा नाद लागला. मामा उचलून देत होते, तो टाकत होता. सासूबाई ओरडल्या तर यांचं उत्तर तयार: "आक्का, त्यो उगा टाकंना. दर बारीला खालीच पडतंय का, त्ये बगायलाय." पोराची खात्री पटेपर्यंत मामांच्या कमरेला तेल चोळायची वेळ आली.

घाई करणाऱ्या आयांचा त्यांना भारी राग. एका भाचीनं सहा महिन्यांच्या पोराला वॉकर आणला, तर यांनी तो उचलून नेला आणि त्याच्यात करडांना पाला टाकायला सुरुवात केली. भाची वर्षभर बोलत नव्हती. मामांना त्याचं काही नाही. "करडू घटकेत हुबं ऱ्हातंय, कारन त्येला पळायचं आसतंय. मान्साच्या लेकराला आदी बगायचं आसतंय. ऱ्हाऊ द्या की वरीसभर जमिनीवर, कावून घाई?"

आमची लेक झाली तेव्हा मान, कूस, बसणं सगळं होईल तसं होऊ दिलं, कारण उगाच घाई करून मामांची बोलणी कोण खाणार! आठव्या महिन्यात मात्र सासूबाईंना एक नवाच अभिमान चढला. पोरगी काहीही घेते ती उजव्याच हातानं! डाव्या हातानं देऊ-घेऊ नये, हे आमच्याकडं पोरांना चापट्या देऊन शिकवावं लागतं. ही तर पोटातून शिकून आलेली. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, मी पुढं बांगडी धरायची, लेक उजवाच हात लांबवायची आणि कौतुकाला पूर यायचा. मीही मिरवलं, खोटं कशाला सांगू?

मामा आले, फरशीवर पडले. घंटी टोपीखाली गेली, लेकीनं उजव्या हातानं टोपी उचलली, मांडीवर थाप पडली. मग मामांनी घंटी डावीकडून दिली. लेकीनं अंग वळवून उजवाच हात तिकडं नेला. मामांनी तो हात हलकेच आपल्या मुठीत धरून ठेवला आणि घंटी पुन्हा डावीकडं वाजवली. लेक घंटीकडं बघत राहिली, मग ओठ काढून रडायला लागली. डावी मूठ मिटलेलीच. मामांनी ती उघडून सोडली, ती परत मिटली. ते उठून भिंतीला टेकून बसले.

"सूनबाई, हिला उद्या बीडला न्ये. उद्याच."

"कावून?" सासूबाई कडाडल्या. "उजव्या हाताची लेक हाय माझी! नजर लावतूस व्हय?"

"आक्का, वरसाच्या आत लेकराला उजवं-डावं नसतंय. त्ये दोन्ही हातांनी लुटतंय. हिचा डावा हात येईना."

त्या क्षणी मला मामा घरात नको झाले होते. तरी दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन बीडला गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा निरोप डाव्या अंगाला नीट पोचत नाही, व्यायाम करावे लागतील, पण लवकर आणलंत. कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. "मामेसासऱ्यांच्या. शेळ्या राखतात," एवढंच मला बोलता आलं, पुढं रडूच आलं.

तेव्हापासून दर आठवड्याला शेळ्या शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मामा येतात. लेक आता चार वर्षांची आहे. चालते, जरा पाय ओढून. डावी मूठ उघडते, पण सावकाश. घरात मामांना पाणी द्यायचं ते तिनं आणि डाव्याच हातानं, असा सासूबाईंचा दंडक आहे. निम्मं पाणी वाटेत सांडतं, उरलेलं मामा पितात.

त्यांचेही गुडघे आता गेलेत. खेळून झालं की उठता येत नाही. मग लेक डावा हात पुढं करते, म्हणते, "धरा मामा, मी उठवते." मामा तिची बोटं धरतात, दुसऱ्या हातानं गुपचूप भिंतीवर सगळा भार टाकून कसेबसे उभे राहतात आणि म्हणतात, "लई जोर आला बग तुझ्यात." तिला ते खरं वाटतं. मी दारात उभी राहून बघते, आणि मलाही ते खरंच वाटू लागतं.