ग्रहणातली पेज

त्या संध्याकाळी मी खोटे बोललो नव्हतो, आणि हीच गोष्ट मला आजही अधिक सलते. परिचारिकेने विचारले, "आजोबा, डबा आला का?" मी म्हणालो, "आला." डबा खरोखरच आला होता. तिने माझ्या पत्नीला साखरेच्या आजाराची सुई टोचली आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. त्या डब्यातले अन्न मी पत्नीला देणार नव्हतो, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

गोष्ट भारनियमनाच्या वर्षांतली आहे. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि सौंदडला राहून आसपासच्या गावांत पंचांग, व्रतवैकल्ये, शांतिकर्मे यांबाबत लोकांना सल्ला देत असे. पत्नीला मधुमेह होताच. त्यात विषमज्वराने गाठले, म्हणून तिला गोंदियाच्या एका खाजगी रुग्णालयात ठेवले होते. दहावा दिवस होता. ताप उतरला होता, परंतु पोट इतके नाजूक झाले होते की मऊ भात आणि मुगाचे पाणी याखेरीज काहीही ठरत नसे. माझा एक जुना विद्यार्थी दोन्ही वेळा घरून डबा पाठवी.

त्या दिवशी पौर्णिमा होती आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणे, अकराच्या सुमारास; मोक्ष, म्हणजे सुटणे, दोननंतर. ग्रहणाच्या पर्वकाळातला जप अनेकपटींनी फळतो अशी आमची श्रद्धा आहे, आणि या ग्रहणाची मी कित्येक महिने वाट पाहत होतो. रुग्णालयात येताना आसन आणि माळ मी आठवणीने बरोबर घेतली होती. दुपारपासून वेध लागले होते. डबा आला तो सातच्या सुमारास. वेधातले अन्न वर्ज्य, एवढाच विचार माझ्या मनात होता. पत्नीने उशीवरून मान वळवून हळूच विचारले, "थोडा भात खाऊ का हो? आजाऱ्याला चालते ना? तुम्हीच तर सांगता लोकांना."

ती खरे बोलत होती. बालक, वृद्ध आणि आतुर, म्हणजे आजारी, यांना शास्त्रानेच सवलत दिली आहे. त्यांनी ग्रहणापूर्वीचा एकच प्रहर, म्हणजे तीन तास, पाळायचा असतो. त्या हिशेबाने आठ वाजेपर्यंत ती निःशंकपणे जेवू शकली असती. चाळीस वर्षे ही सवलत मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगत आलो होतो. मात्र माझ्या स्वतःच्या घरात अर्धेमुर्धे पाळलेले व्रत मला कमीपणाचे वाटे. मी म्हणालो, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे. ग्रहण सुटले की ताजे आणतो." तिने मान पुन्हा भिंतीकडे वळवली. लग्नाला पन्नास वर्षे होत आली होती. माझ्यापुढे वाद चालत नाही हे तिला ठाऊक होते. मी खाली उतरलो, फाटकापाशी उभ्या असलेल्या गाईपुढे डबा रिकामा केला, तो विसळला आणि पुण्य केल्याच्या समाधानात वर आलो.

दहा वाजून गेले आणि तिचे हात थरथरू लागले. कपाळावर घामाचे थेंब आले, पदर भिजला, आणि मी हाक मारली तेव्हा तिने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. परिचारिका धावत आली. बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासला आणि घाईघाईने ग्लुकोजचे पाणी तिच्या ओठांना लावले. काही मिनिटांनी पत्नीच्या डोळ्यांत ओळख परतली. तेव्हा परिचारिकेने मला विचारले, "जेवल्या नव्हत्या का?" मी मान खाली घातली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलाने बिस्किट दिले; पत्नीने त्याचा तुकडा घेतला आणि तो तत्काळ उलटून पडला.

परिचारिका तरुण होती, दवनीवाड्याकडची. तिने आवाज चढवला नाही, पण शब्द सोडले नाहीत. "डबा आला म्हणून सांगितलं, अन् खाऊ नाही घातलं? आजोबा, हे साखरेचं पाणी तासभर पुरंल. सुईचा जोर अजून बाकी आहे. दहा दिवसांत नसा सुजल्या, सलाईन लागत नाही. डॉक्टरसायबाशी बोलली मी. पोटात मऊ भात गेला तं ठीक, नाही तं पुन्हा उतरंल. मंग रातच्या रातीच नागपूरले न्यावं लागंल. अन् ह्या तब्येतीत तितका रस्ता..." ती पत्नीचे मनगट धरून खाटेपाशी बसली. "मी जागची हलत नाही. तुम्ही भात आणा. कुठूनही आणा."

तोच रिकामा डबा हातात घेऊन मी रस्त्यावर आलो. विद्यार्थ्याचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा दूरध्वनी वाजत राहिला, कोणी उचलला नाही. म्हणून मी रेल्वे स्थानकाच्या रस्त्याला लागलो. तिथे रात्री उशिरापर्यंत खाणे मिळते असा सर्वांचा अनुभव आहे, परंतु त्या रात्री एकामागून एक दुकान बंद दिसत होते. एका ओळखीच्या उपाहारगृहाचा मालक भट्टीवर पाणी मारत होता. मी भात मागितला. तो हात जोडून म्हणाला, "ग्रहण लगने वाला है, पंडितजी. भट्टी ठंडी कर दी. जो बचा था, सब गाय को डाल दिया."

बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक हसला. "कपाळावर गंध हाय, अन् गिरानात जेवण धुंडून राहिले महाराज!"

"चूप रे," मालक त्याला म्हणाला, मग माझ्याकडे वळून आदराने पुढे बोलला, "आप तो हमसे ज़्यादा जानते हैं."

मी जाणत होतो. माझेच शब्द, माझेच आचरण प्रत्येक दारातून माझ्याकडे परत येत होते. एका निवासगृहाच्या भोजनालयात दिवे होते, पण तिथे सुटा भात मिळत नव्हता. मसाल्यात घोळलेल्या पदार्थांची भारी थाळी तेवढी शिल्लक होती. पुढे एका गाड्यावर लालभडक तर्री, तिखट तेलकट रस्सा, उकळत होती. गाडीवाल्याला मी रोग्याची अवस्था सांगितली, तेव्हा त्याने झाऱ्यानेच नकार दिला. "ये मत ले जाओ, दादाजी. आपका मरीज नहीं झेल पाएगा." त्याच्या घड्याळात पाहिले. परिचारिकेने दिलेल्या तासातली पंचवीस मिनिटे संपली होती.

तेवढ्यात वीज गेली. सगळा रस्ता एकदम काळोखात बुडाला, आणि वर पाहतो तर चंद्राची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. पर्वकाळ सुरू झाला होता. खिशात हात घातला, माळ लागली. बोटांना पहिला मणी धरता येईना. जे नाम मी झोपेतही घेत असे, ते जिभेवर येईना. डोळ्यांपुढे फक्त तिचे अनोळखी डोळे येत होते. भिंतीला टेकून मी एवढेच म्हणालो, "मी केलेले तिला भोगायला लावू नकोस. मला काही कळत नाही. तू नेशील तिकडे येतो." आयुष्यात संस्कृताबाहेरची प्रार्थना मी प्रथमच करत होतो.

यापुढचे मी घडले तसेच सांगतो. त्या काळोखात मला भाताचा वास आला. आम्ही धानाच्या मुलखातली माणसे. तांदूळ शिजताना तो कण राहिला की विरघळला, हे आम्हाला वासावरून कळते. हा वास विरघळलेल्या तांदळाचा, पेजेचा होता. मी त्या वासामागे निघालो. दोनदा ठेच लागली, एकदा गटाराच्या काठावरून पाय घसरला. रुळांच्या कडेने गेल्यावर मालधक्क्याच्या मागे एक कंदील दिसला, चूल दिसली आणि पाच-सहा हमाल उकिडवे बसून जेवताना दिसले. चुलीपाशी चाळिशीतली एक बाई होती. बाजूला तिचा हातगाडा होता; त्याच्या खांबाला निळा झेंडा होता.

"काकी, चंद्राले गिरान लागला," एक हमाल म्हणत होता. "जेवू का नोको?"

"चंद्राले लागला तं चंद्र उपाशी राहीन. तू काऊन राहते? तुले मालगाडीची रेक खाली करायची हाय," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला. मग तिची नजर माझ्यावर गेली. "काय पाहिजे, बाबा?"

मी आजार सांगितला, मऊ भात मागितला. तिने बाजूच्या लहान गंजाचे, म्हणजे पातेल्याचे, झाकण उचलले. आत बिनतेलाची, बिनतिखटाची, पातळ पेज होती. "ह्याच्यातल्या एकाले कावीळ झाली. त्याच्यासाठी रोज टाकतो. आज अजून आला नाही तो." ती पळी बुडवणार होती, पण थांबली. कंदिलाच्या उजेडात तिने माझे गंध, माझी शेंडी, माझे उपरणे पाहिले. "बाबा, पहिलेच सांगतो. आमच्यात गिरान नाही पाळत. आमचं बुद्धाचं घर आहे. आमच्या हातचं चालत असंल तंच न्या. नेऊन मंग फेकसान, तं अन्न फेकलेलं मले नाही चालत."

हमालांचे घास थांबले होते. पन्नास वर्षे मी कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या नाही याचे नियम पाळले होते, आणि त्या क्षणी ते सारे मला आठवलेही. आठवले नाहीत असे लिहिले तर ते खोटे होईल. पण त्यांच्याहून मोठ्याने तिचे शेवटचे वाक्य कानात वाजत होते. मी म्हणालो, "आज संध्याकाळी एकदा फेकले आहे, बाई. त्यानेच ही वेळ आली. पुन्हा फेकणार नाही."

तिने माझ्या हातून डबा घेतला. गंज तिरपा करून सगळी पेज त्यात ओतली. मी म्हणालो, "तो आजारी माणूस आला तर?"

"आला तं दुसरी टाकीन. तांदूळ का सरले माह्याजवळचे?" हमालांना लावते तोच भाव तिने मला लावला, त्याहून अधिक घेईना. "आधी वरचं पाणी पाजा, घोट-घोट. ते ठरलं की मंग दाणे द्या. ए, बाबाले सायकलीवर सोडून दे दवाखान्यापावतो!"

जेवता-जेवता मघाचा हमाल उठला, हात धुतले आणि सायकल काढली. "बसा बाबा क्यारिअरवर. डबा छातीशी धरा, अन् मले घट्ट धरा. पडलो तं दोघंबी पडू." त्याच्या घामाने ओल्या सदऱ्याला मिठी मारून मी त्या काळोख्या रस्त्याने गेलो. वर चंद्र काळवंडत चालला होता. वर पाहण्याची मला सवड नव्हती. खड्डा आला की माझा सारा जीव डब्याच्या झाकणावर गोळा होत होता.

वर पोचलो तेव्हा परिचारिका मेणबत्तीच्या उजेडात पत्नीची नाडी धरून बसली होती. "बरं झालं आले. पुन्हा घाम सुटून राहिला," ती म्हणाली. मी चमच्याने पेजेचे पाणी पत्नीच्या ओठांपाशी नेले. तिने तोंड उघडले नाही. खिडकीतून तिला आकाशाचा तुकडा दिसत होता. क्षीण आवाजात तिने विचारले, "सुटले का ग्रहण?"

होय म्हणणे सोपे होते. ती निश्चिंतपणे प्याली असती. परंतु त्या संध्याकाळी एकदा मी सोईचे उत्तर दिले होते.

"नाही," मी म्हणालो. "अजून आहे. तू जेव. आणि हे कोणाच्या हातचे आहे, तेही सांगतो." मी सांगितले. ती माझ्याकडे पाहत राहिली. या वेळी त्या डोळ्यांत पूर्ण ओळख होती.

"प्रायश्चित्त सांगाल उद्या मला," ती म्हणाली. ती थट्टा करत होती, हे कळायला मला एक क्षण लागला.

"तुला नव्हे. मला."

तिने पहिला घोट घेतला. आम्ही दोघेही तो ठरतो का याची वाट पाहत राहिलो; परिचारिकेच्या हातात घमेले तयार होते. घोट ठरला. मग दुसरा, मग तिसरा, मग दाणे. अर्ध्या तासाने पुन्हा बोट टोचून थेंब पाहिला आणि परिचारिकेने घमेले खाटेखाली सारले. "आता नाही न्यावं लागत नागपूरले," ती म्हणाली. दाराबाहेर जाऊन मी भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो.

परत आलो तर डब्याच्या तळाशी दोन-चार घोट उरले होते. पत्नी म्हणाली, "दुपारपासून तुम्हीही उपाशी आहात. आणि फेकणार नाही असे बोलून आलात ना?" ग्रहण अजून सुटलेले नव्हते. स्नान नव्हते, आचमन नव्हते. तिची उष्टी, त्या अनोळखी बाईच्या हातची ती पेज मी खाटेच्या पायथ्याशी बसून प्यालो. इतक्या वर्षांत इतके तीर्थ हातावर घेतले. त्या वेळी गळ्यातून जे उतरले, तसे पूर्वी कधी उतरले नव्हते. त्या पर्वकाळात माझा एकही मणी सरला नाही.

सकाळी मी मालधक्क्यामागे गेलो. ती भांडी घासत होती. मी हात जोडले, तशी ती संकोचली. "पचली ना बाईले? मंग झालं." मी त्या कावीळ झालेल्या माणसाचे विचारले. "आला होता ना तो. उशिरा आला. दुसरी टाकली." पुढचे चार दिवस, पत्नी घरी जाईपर्यंत, रात्रीचा डबा मी तिच्याकडूनच भरून नेला, आणि वॉर्डातल्या नातलगांनाही ती वाट दाखवली. ती तिथे कित्येक वर्षे रोज रात्री चूल पेटवत होती. रात्रीच्या गाडीने येता-जाता त्या बाजूने मी कितीदा गेलो होतो, मला ती दिसली नव्हती.

त्या बाईच्या रूपाने कोण आले होते, असे मला लोक विचारतात. मी म्हणतो, एक बाई होती, आणि तिने माझ्यासाठी गंज रिकामा केला. त्याहून मोठे काही म्हणण्याचा मला अधिकार वाटत नाही. इतके मात्र कळले की मी नियम घट्ट धरून होतो आणि त्यालाच शरणागती समजत होतो. त्या भिंतीपाशी धरायला काही उरले नाही, तेव्हा कोणीतरी मला धरले. ज्याने धरले त्याच्यापुढे रोज माथा टेकवतो.

ग्रहण मी आजही पाळतो. पर्वकाळी जपही करतो. मात्र वेधाच्या दिवशी सायंकाळी आमच्या आळीतल्या घरोघरी जाऊन विचारून येतो: घरात कोणी आजारी आहे का, लेकरू आहे का, म्हातारे माणूस आहे का, आणि त्यांनी जेवून घेतले का. शेवटचे दार माझ्याच घराचे असते. पत्नी जेवलेले ताट मला आठवणीने दाखवते, आणि मग मी आसन टाकतो.